मोडून हातात देईन

स्वरूपा : गुडघा दुखतोय म्हणून दोन रविवार कबड्डीची प्रॅक्टिस बंद. आणि आत्ता पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके एका खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलात तुम्ही, भानुदासदादा. मी खालून बघत होते.

भानुदास : लिफ्ट बंद आहे वहिनी. या ना आत. मेधा नाहीये, शनिवार असून तोयोसुला ऑफिसात बोलावलंय तिला. चहा टाकतो.

स्वरूपा : चहा नको. पाच मिनिटं बोलायचंय. नुपूर खाली बागेत बसलीय, वर यायला तयार नाही.

भानुदास : नुपूर? का? ती तर आमच्याकडं यायचं म्हटलं की चपला पण धड घालत नाही.

स्वरूपा : तेच विचारायला आलेय. गुरुवारी तिच्या शाळेतून फोन आला. मी मीटिंगमध्ये, सुशांत ओसाकाला. मीटिंग सोडून बाहेर आले. बाई अगदी हळू आवाजात बोलत होत्या, आधी तीनदा माफी मागितली त्यांनी. माफी त्यांनी कशाला मागायची, देव जाणे. म्हणाल्या, नुपूर-सानला वर्गात बसल्या जागी शू झाली.

भानुदास : अरेरे! बरं नव्हतं का?

स्वरूपा : चांगली ठणठणीत होती. दुसरीतली मुलगी आहे दादा, तिला हे अडीच वर्षांची असल्यापासून झालेलं नाही. हात वर करून "बाथरूमला जाऊ का" एवढं विचारायचं होतं, ते तिने विचारलं नाही. बाई म्हणाल्या, तीन आठवडे झाले, ती वर्गात हातच वर करत नाही. उत्तर येत असलं तरी नाही. झेब्रा क्रॉसिंगवर पिवळा झेंडा घेऊन ते आजोबा उभे असतात ना, त्यांनी पण शाळेला सांगितलं, ही मुलगी हल्ली शाळेत शिकवल्यासारखा हात वर न करता रस्ता ओलांडते म्हणून.

भानुदास : तीन आठवडे.

स्वरूपा : हो, तीन. मोजून बघा. काल रात्री जेवताना विचारलं, काही बोलेना. आज सकाळी वेणी घालताना आपण होऊन म्हणाली, "आई, मोडलेला हात हातात कसा देतात? दुसऱ्या हातात देतात का?" आता बोला.

भानुदास : वहिनी, ते बोलण्यातलं आहे हो. आमच्याकडं सकाळी उठल्यापासून तेच चालतं. माझी आई दिवसातनं दहा वेळा माझं तंगडं मोडून गळ्यात बांधायची. हे बघा, दोन्ही आहेत की जागेवर.

स्वरूपा : तुमच्या आईचं तुम्हाला कळत होतं. माझ्या मुलीला नाही कळत. तिचं मराठी म्हणजे जेवढं कानावर पडलं तेवढं, सगळं खरं. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर "कान उपटीन हं" म्हणाल्या, तर ही दोन दिवस टोपी घालून झोपली. "डोकं खाऊ नकोस" म्हटलं की रडते, मी कुठे खाल्लं म्हणून. मग मॅचच्या दिवशी एवढा सहा फुटी माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडतो, तिला काय वाटेल? मी तेव्हा वडापावच्या स्टॉलवर होते, मला नुसता ओरडा ऐकू आला. नक्की काय म्हणालात?

भानुदास : आता ती म्हणाली की तुम्हाला.

स्वरूपा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

भानुदास : म्हणालो, "हात खाली घे! खाली घे म्हणतोय ना! परत हात वर दिसला तर मोडून हातात देईन."

स्वरूपा : दोनशे माणसांसमोर.

भानुदास : दोनशे माणसांसमोर.

स्वरूपा : मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. हात वर केला तर एवढं काय बिघडलं, ते तरी सांगा.

भानुदास : समोरचा गडी चढाई करून आला, आणि त्याचा आपल्याला टच झाला, की आपण बाद. पंचाला प्रत्येक टच दिसत नाही. म्हणून खेळाडूनं आपण होऊन हात वर करायचा, झाला म्हणून. कोणी बघितलेलं नसलं तरी. उरायासुच्या पोरांबरोबर फायनल होती, बरोबरीत चाललेली, शेवटची चढाई. त्यांचा तो अनिश आला, हिच्यापाशी येऊन पडला, आणि हिनं हात वर केला. हरीश-सान पंच होते. त्यांनी लगेच पॉइंट दिला तिकडं. एका पॉइंटनं गेलो.

स्वरूपा : म्हणजे ती खरं बोलली म्हणून तुम्ही ओरडलात?

भानुदास : हो.

स्वरूपा : आणि हे असं हात वर करायचं, ते तिला शिकवलं कोणी?

भानुदास : मीच. पहिल्याच रविवारी. सगळ्या पोरांना ओळीत उभं करून.

स्वरूपा : कमाल आहे! अहो, मराठी मंडळाचे प्लास्टिकचे कप होते ते. त्याच्यासाठी?

भानुदास : कपासाठी नाही. वहिनी, मला माझी लाज वाटते हो. त्या दिवशी घरी आल्यावर मेधानं विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, थोडक्यात गेली. हे सांगितलं नाही. मग ग्रुपवर गुडघा टाकला. अकरा जणांनी "गेट वेल सून" टाकलं. एक काकू तर ग्योतोकु स्टेशनपासून चालत तिळाचं तेल घेऊन आल्या. ती बाटली तशीच आहे, झाकण उघडायची हिंमत होत नाही माझी.

स्वरूपा : मग तुम्हाला माहीत होतं तिला लागलं असणार ते.

भानुदास : एवढं नव्हतं माहीत. पण तिचं तोंड बघितलं होतं ना मी. हात हळूहळू खाली आला तिचा. ते कळलं होतं मला. चांगलं कळलं होतं.

स्वरूपा : आणि तरी तीन आठवडे गप्प बसलात.

भानुदास : बसलो.

स्वरूपा : तुमचा मला राग आलाय, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटतंय. किती अभिमानाने सांगते मी ऑफिसात, आमच्या मुलांना लीगमधला खेळाडू शिकवतो, आठ सीझन खेळलेला. आणि तुमची इथे काय धावपळ चालते, तेही बघते. कोणी चार खुर्च्या उचलून द्या म्हटलं तरी धावता. गोडाउनमध्ये तासावारी बाइतो करता, आठवड्याला अठ्ठावीस तास, ते पण हसत हसत. असा माणूस सात वर्षांच्या मुलीवर...

भानुदास : गोडाउनमध्ये बरं वाटतं वहिनी. तिथं मी नुसता भानू-सान. खोके उचलतो, ठेवतो. कोणी विचारत नाही आधी काय करत होतास. मंडळात तुम्ही शाल देता, नारळ देता, तो माझा आठ फुटी फोटो लावता स्टेजच्या मागं. मी त्याच्याकडं पाठ करून बसतो.

स्वरूपा : आम्हाला वाटायचं, नम्र आहेत.

भानुदास : नम्र कसला डोंबलाचा.

स्वरूपा : का? काय आहे त्या फोटोत?

भानुदास : सांगतो. पण वहिनी, एकदाच सांगता येईल मला. दोनदा नाही जमायचं. तिला पण ते ऐकायला पाहिजे.

स्वरूपा : मग चला खाली.

भानुदास : ती बोलेल माझ्याशी?

स्वरूपा : मला काय माहीत? सात वर्षांच्या मुलीला घाबरता?

भानुदास : हो. घाबरतो.

स्वरूपा : घाबरा, पण चला. आणि त्या दारातल्या बाटल्या आत घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या आजी परत चिठ्ठी लावतील.

(खाली, इमारतीसमोरची छोटी बाग. नुपूर झोपाळ्यावर बसली आहे, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून.)

भानुदास : नुपूर, इथं शेजारच्या झोपाळ्यावर बसू?

नुपूर : तो लहान मुलांचा आहे. तिथे लिहिलंय.

भानुदास : मग खाली बसतो. चालेल?

नुपूर : तुमचा गुडघा दुखतो ना.

भानुदास : नाही दुखत. ते पण खोटं होतं. हात का दाबून धरलेस गं?

नुपूर : थंडी वाजते.

स्वरूपा : नुपू, जून आहे. घाम आलाय तुला.

नुपूर : मला वाजते.

भानुदास : नुपूर, ऐक. मी कोणाचा हात मोडत नाही. कोणाचाच. कधीच मोडला नाही. मोडतो म्हणालो ते खोटं होतं.

नुपूर : मोठ्याने म्हणालात.

भानुदास : मोठ्यानं म्हणालो. चुकलं माझं. मी तुम्हाला शिकवलं, टच झाला की हात वर करायचा. तू केलास. टच झाला होता, तू खरं बोललीस, आणि मी...

नुपूर : चिगाउ! तसं नाही! टच नव्हता झाला.

भानुदास : नव्हता?

नुपूर : नाही. तो पडला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. कोणाला लागलं की ओरडायचं नाही, हात वर करायचा, मग मोठी माणसं येतात. शाळेत तसंच असतं. मी हात वर केला तर हरीशकाकांनी शिट्टी वाजवली आणि मला आउट म्हणाले. मी म्हटलं, "आउट नाही, रक्त." दोनदा म्हटलं.

स्वरूपा : अगं, मग हे मला का नाही सांगितलंस?

नुपूर : कोणाला ऐकू नाही आलं. हे सेन्सेई ओरडत होते.

भानुदास : देवा रे.

स्वरूपा : अनिशच्या हाताला टाके पडले होते चार. त्याच्या आईने सांगितलं मला. कोणाचं लक्षच नव्हतं म्हणाली, पोरगा बराच वेळ तसाच बसून होता.

भानुदास : मी पण नाही बघितला. मला एक हात दिसला फक्त. नुपूर, तुला एक सांगू? मी कोणाला सांगितलेलं नाही. मेधाकाकूला पण नाही.

नुपूर : गुपित?

भानुदास : गुपित नाही. लाजेची गोष्ट आहे. मी लीगमध्ये खेळायचो ना, तेव्हाची. खूप मोठी मॅच, टीव्हीवर चाललेली. शेवटची चढाई. आम्ही एका पॉइंटनं पुढं. समोरून श्यामकाका आला. तो आमच्याच तालमीतला. त्यानंच मला घोटा कसा धरायचा ते शिकवलेलं, त्याच्या आईच्या हातचं जेवलोय मी. पण त्या वर्षी तो दुसऱ्या टीममध्ये होता. तो आला, आणि त्याच्या पायाचा अंगठा माझ्या पायाला लागला. एवढासा.

नुपूर : मग तुम्ही आउट.

भानुदास : मी आउट. पण कोणी बघितलं नाही. पंचांनी नाही. कॅमेऱ्यात परत बघा म्हणायची त्यांची पाळी संपलेली.

नुपूर : तुम्हाला कळलं होतं?

भानुदास : मला कळलं होतं.

नुपूर : मग हात वर केला?

भानुदास : उचलला. इथपर्यंत आला, छातीपर्यंत. तेवढ्यात आमचा कॅप्टन मागून हळूच म्हणाला, "खाली घे, नाहीतर मोडून हातात देईन."

नुपूर : तुमचा पण?

भानुदास : माझा पण.

नुपूर : त्याने खरंच मोडला असता?

भानुदास : नाही गं. बोलण्यातलं होतं ते. मला माहीत होतं.

नुपूर : म्हणजे तुम्हाला भीती नव्हती वाटत.

भानुदास : नाही. नव्हती वाटत.

नुपूर : मग खाली का घेतला?

भानुदास : जिंकायचं होतं मला.

स्वरूपा : दादा, तो फोटो...

भानुदास : तोच आहे वहिनी. वर चाललेला हात कपाळावर नेला, घाम पुसल्यासारखं केलं. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. पेपरात खाली लिहून आलं, शेवटपर्यंत झुंजलेला खेळाडू. मंडळाला तोच सापडला.

स्वरूपा : मी निवडला होता. इंटरनेटवरून. चेहऱ्यावर किती शांत भाव आहेत म्हणून.

भानुदास : तुम्हाला काय माहीत.

नुपूर : श्यामकाका काही बोलले नाहीत?

भानुदास : बोलला. माझ्याकडं बघून म्हणाला, "भान्या, सांग की." मी वर दिव्यांकडं बघत राहिलो. परत म्हणाला, "सांग की रं." मग तो पंचांशी भांडला, फार भांडला, त्यांनी त्याला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी लिलावात त्याचं नाव आलं तेव्हा सगळ्या टीमा गप्प बसल्या. भांडखोर आहे म्हणून. माझं नाव आलं तेव्हा दोन टीमा माझ्यासाठी भांडल्या. मी अजून चार वर्षं खेळलो.

नुपूर : आणि ते?

भानुदास : परत नाही खेळला. शाळेची गाडी चालवतो, असं कोणीतरी म्हणालं.

नुपूर : तुम्ही जिंकलात तेव्हा मजा आली का?

भानुदास : त्या दिवशी आली. खोटं कशाला बोलू? नाचलो पण. मग नंतर नंतर झोपताना त्याचा आवाज यायला लागला. आणि त्या दिवशी तुझा हात वर गेला ना नुपूर, तेव्हा मला राग आला. तुझा नाही. मला जे जमलं नाही, ते एवढीशी पोरगी पटकन करते, ते मला बघवेना. माझ्या तोंडून त्याच कॅप्टनचं वाक्य आलं, जसंच्या तसं. असं आहे ते. तुझी काहीच चूक नव्हती. शाळेत जे झालं ना, ते पण माझ्यामुळं झालं.

नुपूर : आई! तू सांगितलंस?

स्वरूपा : सांगावं लागलं गं राणी. सॉरी.

नुपूर : सगळे हसले नाहीत. फक्त दोघं हसले.

भानुदास : नुपूर, गोमेन ने.

स्वरूपा : नुपू, काका माफी मागतायत. काय म्हणायचं असतं मग?

नुपूर : "ई यो" म्हणायचं असतं.

भानुदास : म्हणजे?

नुपूर : म्हणजे चालेल, जाऊ दे. कोणी "गोमेन ने" म्हटलं की लगेच म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर वर्गातल्या सेन्सेई तिथेच उभ्या राहतात.

स्वरूपा : मग म्हण ना.

नुपूर : ही शाळा आहे?

भानुदास : नाही.

नुपूर : मग मला आत्ता नाही म्हणायचं.

स्वरूपा : नुपूर! असं बोलतात का मोठ्यांशी?

भानुदास : असू द्या वहिनी. बरोबर बोलतेय ती. नको म्हणूस आत्ता. तुला वाटेल तेव्हा म्हण. नाही वाटलं तर नको म्हणूस. पण वर्गात हात वर कर, एवढं ऐक माझं. आणि मी उद्या सगळ्या पोरांसमोर सांगतो, त्या दिवशी चूक कोणाची होती ते. हरीश-सानना पण सांगतो. अनिशच्या घरी जातो.

नुपूर : मी पण येऊ अनिशकडे?

भानुदास : ये की.

नुपूर : त्याचे टाके बघायचेत मला. काका, श्यामकाका "ई यो" म्हणाले का?

भानुदास : नाही.

नुपूर : का?

भानुदास : मी अजून माफीच मागितली नाही.

नुपूर : किती दिवस झाले?

भानुदास : नऊ वर्षं.

नुपूर : माझ्याहून जास्त?

भानुदास : तू जन्मायच्या आधीपासून.

नुपूर : मग माझ्याकडे आधी कशाला आलात? लाइनीत ते पुढे आहेत. आधी त्यांचा नंबर, मग माझा.

स्वरूपा : अगं, असं नसतं ते. कुठे शोधणार आता? काकांकडे त्यांचा नंबर तरी असेल का?

भानुदास : आहे वहिनी. नऊ वर्षं आहे.